दह्यावरचं कलम

"तुमच्या घरी दही कायच्यात लावतात?"

बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. कॉलेजात रुजू होऊन मला तासभरही झाला नव्हता. मी रसायनशास्त्राचा नवा लेक्चरर, बाई जीवशास्त्राच्या, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठ्या. मी म्हटलं, "मडक्यात."

"किती जुनं?"

"असेल दहा-बारा वर्षांचं."

"घासून धुतात का नुसतं खंगाळतात?"

हे मला ठाऊक नव्हतं. बाईंनी वही काढली. माझं नाव विचारलं नाही, गावाचं विचारलं. शिरपूर, असं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "येत्या रविवारी येते. आईले सांगून ठेवा, विरजण मोडू नोका म्हणा."

आमचं कॉलेज वाशीम-रिसोड रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात दोन-अडीच वर्षांपूर्वी निघालं होतं. टिनाच्या छपराच्या पाच खोल्या. त्यांतल्या शेवटच्या खोलीत बाईंची प्रयोगशाळा. बाई मूळ धनजच्या, बौद्ध घरातल्या, नागपूरला शिकलेल्या. लग्न केलं नव्हतं. खांद्याला कायम एक खाकी पिशवी आणि पिशवीत बुचाच्या बाटल्या. एस.टी.त बसल्या की शेजारच्या बाईला विचारायच्या, दूध गाईचं की म्हशीचं, विरजण कोणाकडून आणता, थंडीत दही लागतं का. उतरताना त्या बाईचं गाव आणि घर वहीत लिहिलेलं असायचं. आठवड्याभरात बाई तिच्या दारात उभ्या.

अशी दोन वर्षांत त्यांनी पन्नासेक घरची दही गोळा केली होती. प्रत्येक बाटलीवर मराठीत चिठ्ठी. 'सुताराचं घर, म्हैस, कल्हईचं पितळी भांडं.' 'मास्तरीणबाई, गाय, आंबूस वास.' स्वतः मात्र दह्याला तोंड लावायच्या नाहीत. स्टाफरूममध्ये कोणी ताक पुढं केलं तर म्हणायच्या, "ज्यायच्याकडून काम करून घ्याचं त्यायले खात नसते मी."

काम काय, ते त्यांनी मला रॉकेलच्या रांगेत उभं राहून समजावलं. ते दिवसच तसे होते. तिकडं अरबांच्या देशात तेल महागलं आणि इकडं आमच्या गावात बाटलीभर रॉकेलसाठी सकाळ जायची. बाई म्हणाल्या, "हे पाहा सर. दह्याचा जंतू साखर खाते अन् फाट्यावर येऊन उभा राह्यते. तिथून एक रस्ता आंबटाकडे जाते, दुसरा स्पिरिटाकडे. हा दरवेळी आंबटाकडेच वळते. काहून? त्याले दुसरा रस्ताच ठाऊक नाई. एखाद-दुसरा असते, जो एक पाय इकडे अन् एक तिकडे ठेवते. तो मले पाह्यजे."

"पण स्पिरिट तर खमीरही करतं. त्यात नवं काय?"

"खमिराले दाणा पाह्यजे, गूळ पाह्यजे. लोकायच्या तोंडातला घास. बहात्तरचा दुष्काळ पाह्यला ना तुमी? दह्याच्या जातीतले काही जंतू ज्वारीच्या धांड्यातली साखरबी खातात, खमीर ते खात नाई. दाणा माणसाले, कडबा बैलाले, अन् बैलानं टाकून देलेला बुडखा इंजिनाले. असं करता आलं पाह्यजे." मागचा माणूस ओरडला, "ओ बाई, सरका की पुढं!" तेव्हा कुठं त्या सरकल्या.

रविवारी त्या खरंच शिरपूरला आल्या. आई ओसरीवर ज्वारी निवडत होती. तिनं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. बाईंनी सांगितलं, आवाज जरासुद्धा खाली न आणता. आईचा हात सुपातच थांबला. मग ती उठून आत गेली आणि पळसाच्या पानाच्या द्रोणात दही घेऊन आली. द्रोण बाईंच्या हातात दिला नाही, पायरीच्या कडेला ठेवला. मी जमिनीकडे बघत राहिलो. बाईंनी वाकून द्रोण उचलला, बाटली भरली, वास घेतला आणि म्हणाल्या, "लय झ्याक लागलं हाय, माय."

परत जाताना मी बसस्टँडवर माफी मागायला लागलो. बाईंनी मला मध्येच तोडलं. "मले दही पाह्यजे होतं, ते भेटलं. मान पाह्यजे असता तर दुसऱ्या घरी गेली असती." आणि लगेच बाटली उन्हापासून वाचवायला पदराखाली घेतली.

पंधरा दिवसांनी त्या तासाच्या मध्येच माझ्या वर्गाच्या दाराशी आल्या. मुलांसमोरच म्हणाल्या, "सर, तुमची आई बूच उडवून राह्यली!" शिरपूरच्या बाटलीचं बूच छपराला जाऊन लागलं होतं. म्हणजे तो जंतू आंबटाबरोबर वायूही सोडत होता, आणि वायू सोडतो म्हणजे थोडं स्पिरिटही करतो. पन्नास घरांत हाच सगळ्यांत जोरदार. त्या दिवसापासून त्या बाटलीचं नाव 'शिरपूरची माय'.

जंतूंना सतत ऊब लागते. कॉलेजात वीज दिवसातून चारदा जायची आणि उबवणीची पेटी थंड पडायची. बाईंनी बाजारातून एक खुडूक कोंबडी आणली. टोपलीत भुसा, भुशात चार अंडी आणि अंड्यांच्या मधे कापूस लावून ठेवलेल्या काचेच्या नळ्या. कोंबडी निवांत बसली. थर्मामीटर घालून बघितला तर पारा जराही हलत नव्हता. एकीचं खुडूक उतरलं की बाई दुसरी आणायच्या. प्राचार्य तपासणीला आले तेव्हा ती त्यांच्यावर फुरफुरली. ते कडाडले, "बाई, हे कॉलेज आहे!" बाई म्हणाल्या, "मंग वीज द्या. ही चोवीस तास कामावर असते, पगारबी मांगत नाई."

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती, आणि ती बाईंना पुरती ठाऊक होती. त्यांच्या वडिलांनी उभं आयुष्य दारूत घालवलं होतं. छप्पन साली दीक्षा घेतली, पाचवं शील घेतलं, आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत. बाई तेव्हा कॉलेजात शिकत होत्या. आता त्यांच्याच समाजातले एक वडीलधारे विहाराच्या पायरीवर त्यांना अडवून म्हणाले होते, "पोरी, बापानं सोडली अन् तू काढून राह्यली?" तेव्हापासून बाईंनी एक नेम धरला. ऊर्ध्वपातनाच्या नळीतून स्पिरिटाचे थेंब पडायच्या आधीच खालच्या बाटलीत चमचाभर रॉकेल घातलेलं असायचं. "इंजिनाले चालते. माणसाले चालू नाई."

एकदा त्यांनी त्या स्पिरिटावर दिवा पेटवून दाखवला. निळी ज्योत दहा मिनिटं जळली. प्राचार्यांनीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, बाई दह्यातून दारू काढते.

मग नागपूरहून कोणीतरी पाठवलेल्या एका जुन्या मासिकात त्यांनी वाचलं, की अमेरिकेत एका जंतूच्या जनुकाचा तुकडा कापून दुसऱ्या जंतूत बसवला. मासिक उघडं धरूनच त्या माझ्याकडे आल्या. "कलम, सर! जंबुरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात का नाई? तसं. शिंदीच्या रसात एक जंतू असते, तो दुसरीकडे पाहत नाई, सरळ स्पिरिटाच्या रस्त्यानं जाते. त्याची ती एक कला काढून मायवर बांधता आली तर?"

कापायची हत्यारं त्यांच्याजवळ नव्हती. होती ती जुन्या पुस्तकातली एक युक्ती. शिंदीचा जंतू मारून त्याचा रस जिवंत दह्याच्या जंतूवर ओतायचा आणि लाखांतून एखाद्यानं तो तुकडा उचलावा म्हणून वाट बघायची. बाई स्वतः शिंदीवाल्याकडे जाऊन रस आणू लागल्या. लोकांना एवढंच दिसलं, की बाईच्या पिशवीत शिंदी असते. दर दोन दिवसांनी नळ्यांमधलं दूध बदलायचं, नाहीतर जंतू आपल्याच आंबटात मरतात. दोन वर्षांत एकही पाळी चुकली नव्हती. एप्रिलच्या सुरुवातीला एका नळीतून नेहमीच्या दुपटीनं स्पिरिट आलं. बाईंनी मला सांगितलं, पण कुजबुजत. "एका वेळच्यानं काई ठरत नाई. अजून तीनदा आलं पाह्यजे." दुसऱ्यांदाही आलं. तिसऱ्याची वेळच आली नाही.

त्या सोमवारी सकाळी कॉलेजात आलो तर फाटकाशी गर्दी. जवळच्या खेड्यात रविवारी लग्न होतं. तिथं प्यायलेल्यांपैकी दोघं पहाटे मेले, एक जण वाशीमच्या दवाखान्यात होता आणि त्याला काही दिसत नव्हतं. त्या खेड्यातल्या बाया डोक्यावरचे पदर सोडून ओरडत होत्या, "कुठी हाय ते दारूवाली? काढा तिले बाहेर!"

बाई बाहेर आल्या. कोणीतरी दगड मारला, तो त्यांच्या खांद्याला लागला. त्या म्हणाल्या, "माया स्पिरिटात रॉकेल हाय. वास घेऊन पाहा." कोणी वास घ्यायला पुढं झालं नाही. तेवढ्यात फौजदार आले. प्राचार्यांनी हात वर केले, मला या प्रयोगांची कल्पना नव्हती म्हणाले. फौजदारांनी बाईंच्या खोलीला कुलूप घातलं, कुलपावर लाखेचं सील केलं आणि बाईंना चौकशीला सोबत चलायला सांगितलं. जाताना बाई एकच वाक्य दोनदा बोलल्या. "आत कोंबडी हाय. साहेब, आत कोंबडी हाय."

मी माझ्या स्टोअरमध्ये गेलो. का गेलो, ते आजही नीट सांगता येत नाही. कपाट उघडलं. वरच्या फळीवर दोन सारख्याच मोठ्या बाटल्या होत्या. एकीत शुद्ध स्पिरिट, दुसरीत मेथिल अल्कोहोल, दिसायला तसंच पण पोटात गेलं तर डोळे नाहीतर जीव घेणारं. मेथिलची मूळ बरणी महिन्यापूर्वी फुटली, तेव्हा मीच ते रिकाम्या बाटलीत ओतलं होतं आणि वर पेन्सिलनं इंग्रजीत बारीक अक्षरात नाव लिहिलं होतं. कवटीचं चित्र काढायचं राहून गेलं. आता मी ती बाटली उघडून वास घेतला. आत पाणी होतं.

मागं आमचा शिपाई किसन उभा होता. पन्नाशीचा माणूस. मी शनिवारी गावी जायचो म्हणून कपाटाची किल्ली त्याच्याकडे ठेवायचो. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, स्पिरिटच होतं ना ते?"

लग्न त्याच्या बहिणीच्या घरचं होतं. मेलेल्यांत एक त्याचा मेहुणा. दवाखान्यात डोळे गेलेला त्याचा भाचा. बहिणीनं म्हटलं होतं, पाहुण्यांसाठी काहीतरी आण. बाईंचा निळा दिवा त्यानं पाहिला होता. बाईंच्या बाटलीत रॉकेल असतं हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं माझ्या कपाटातलं 'चांगलं' नेलं. "दोन सारख्याच शिश्या. मी एक उचलली. सर, मले वाचता येते का इंग्रजी?"

तो खाली बसला. मी दार लावून घेतलं.

"बाईले सोडतीन ते," किसन म्हणाला. "बाईनं काईच केलं नाई तर तिले कायचं भेव?" त्यानं मला गप्प राहायला सांगितलं नाही. मीच ते वाक्य उचललं आणि त्याला धरून बसलो. बाईंनी काही केलेलं नाही, त्यांना सोडतीलच. माझी नोकरी कच्ची होती, किसनचा संसार होता. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, बाकीची कारणं मी नंतर जमवली.

मंगळवारी सकाळी कोंबडीचा आवाज व्हरांड्यातून स्पष्ट येत होता. बाहेर ऊन त्रेचाळीसच्या वर, खोलीवर टिनाचं छप्पर, खिडक्या बंद. ती मध्येच जोरानं ओरडायची, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. मुलं त्या बाजूनं जायची बंद झाली. मी तिसऱ्या खोलीत शिकवत होतो आणि तो आवाज आला की माझा खडू थांबत होता.

बाईंना पोलीस रोज सकाळी बोलावून बसवत आणि संध्याकाळी घरी सोडत. मंगळवारी दुपारी मी ठाण्यासमोरून सायकलवर गेलो, तर त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या. मला हाक मारली. खांद्यावर पदराखाली हळदीचा लेप दिसत होता. म्हणाल्या, "सर, तुमी फौजदाराले सांगा. माया केसचं राहू द्या. फक्त एक घंटा दार उघडा म्हणा. सोबत शिपाई ठेवा, मले जाऊ देऊ नोका, तुमीच जा. आज दूध बदलाचं हाय. अन् कोंबडीले पाणी."

मी म्हटलं, "सांगतो."

सायकल वळवली आणि घरी गेलो.

बुधवारी दुपारपर्यंत आवाज येत होता, पण बारीक. विहारातले ते वडीलधारे गृहस्थ कॉलेजच्या फाटकापाशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी मला विचारलं, "आत कोन ओरडते, सर?" मी म्हटलं, "कोंबडी." ते म्हणाले, "मंग उघडत काहून नाई कोनी?" मी सायकलवर बसलो.

गुरुवारी आवाज नव्हता.

मी पहिला तास घेतला नाही. सरळ ठाण्यात गेलो. बाई बाकावर होत्या. फौजदार आत कागद चाळत होते. मी उंबऱ्यातच उभा राहून बोललो, म्हणजे बाईंनाही ऐकू गेलं. बाटली माझी, लिहिणं माझं, किल्ली मी दिली. मग किसनचं नाव घेतलं. फौजदारांनी खुर्ची पुढं ओढली आणि लिहायला सुरुवात केली. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"सोमवारी."

बाकावरून बाईंचा आवाज आला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "सोमवारी? मंगळवारी दुपारपरेंत जंतू जिवंत होते."

एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी खोली उघडली. वास असा आला की फौजदार नाकाला रुमाल लावून मागं सरले. बाई आत गेल्या. कोंबडी टोपलीतच होती, अंड्यांवरून उठलेली नव्हती. बाईंनी तिला दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं. मग नळ्या एकेक करून उजेडात धरल्या, कापूस काढून वास घेतला, आणि प्रत्येकीनंतर नुसती मान हलवली. चाळीस नळ्या. शेवटी 'शिरपूरची माय'. ती जरा जास्त वेळ नाकाशी धरली. मग तीही खाली ठेवली.

खिडक्या उघडून त्यांनी पाणी मागितलं आणि नळ्या धुवायला बसल्या. मी दाराशी उभा होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर न करता दुसरा ब्रश माझ्याकडे सरकवला. अंधार पडेपर्यंत आम्ही धूत होतो.

किसनला शिक्षा झाली. माझी नोकरी गेली, ती जायलाच हवी होती. बाईंवर परवान्याशिवाय स्पिरिट काढल्याचा खटला वर्षभर रेंगाळला आणि मग निकालात निघाला. पण कॉलेजनं त्यांना परत घेतलं नाही. त्या धनजला भावाच्या शेतावर गेल्या आणि तिथल्या शाळेत शिकवू लागल्या. मी अकोल्याला एका शाळेत लागलो.

चार वर्षांनी मी धनजला गेलो. हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. परदेशात एका जंतूत माणसाच्या शरीरातली कला बसवली होती आणि तो जंतू मधुमेहाचं औषध तयार करत होता. बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. "मंजे कलम लागते," त्या म्हणाल्या.

"लागतं."

"मले वाटलंच होतं." त्या खूप वेळ हसत राहिल्या. मग गूळ घातलेला चहा केला. दह्याच्या जंतूवर अजून कोणी प्रयत्न केला नसेल तर कधीतरी करीलच, म्हणाल्या. आपणच केला पाहिजे असं थोडंच आहे. माझ्या मनावरचं ओझं जरा हलकं होतंय असं वाटत असतानाच त्यांनी विचारलं, "तुमी गेलते का कधी किसनाकडे?"

"नाही."

त्यांनी कप उचलून नेला.

मी अकोल्याची बस सोडली. रिसोडच्या बाजूची धरली. दुपारी किसनच्या गावी पोचलो. तो सुटून आला होता आणि बहिणीच्याच घरी राहत होता. ओट्यावर दोर वळत होता. मला बघून उठला. शेजारी बाजेवर त्याचा भाचा बसला होता, पंचविशीचा असेल. तोंड रस्त्याकडे, पण नजर कुठंच नव्हती.

"कोन आलं, मामा?"

"कोनी नाई," किसन घाईनं म्हणाला. "कॉलेजातले सर हायेत. सहज आले भेटाले."

तेवढ्यावर निभावलं असतं. मी म्हटलं, "ती बाटली माझ्या कपाटातली होती. त्यावर नीट लिहायचं काम माझं होतं. मी लिहिलं नव्हतं."

दोर वळायचा थांबला. भाच्यानं बाज चाचपून बाजूला सरकत जागा केली.

"मले ठाऊक हाय," तो म्हणाला. "बसा. बाईनं सांगतलं होतं. तुमी येसान, असंबी सांगतलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच साली," तो म्हणाला. "दरसाल येते बाई. दरसाल मी पुसतो, संगं आले का सर? ते म्हन्ते, अजून नाई."